फिरली की गळते

वाइंडिंगवाल्या वहिनींना चिडायला एरवी फारसं कारण लागत नसे. पण ज्या दिवसांची ही गोष्ट आहे त्या दिवसांत त्यांच्याकडे कारण होतं, आणि ते मुठीत मावेल एवढं होतं. दुकानातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यांनी ती मोटर उघडायला घेतली. मागचं झाकण सैल केल्याबरोबर आतून पाणी आलं. फार नाही, चमचाभर.

"चमचाभर तर आहे," शेजारी उभा असलेला नवरा म्हणाला.

"डोळ्यात चमचाभर तिखट गेलं तर असंच म्हणाल का?" वहिनींनी मोटर वर्तमानपत्रावर पालथी केली आणि तिच्याकडे बघत बसल्या. "बाई गं, तुला काय कमी केलं मी? दोन-दोन सील लावले, ग्रीस भरलं, शाफ्टला आरशासारखी चकाकी आणली. तरी आपलं तेच."

हा प्रश्न नवऱ्याला नव्हता, मोटरला होता. वहिनी मोटरशी बोलत, पंपाशी बोलत, मिक्सरशी तर भांडतच. त्या रस्त्यावर त्यांचं दुकान म्हणजे जळक्या मोटरींचा दवाखाना होता. वडिलांनी थाटलेलं, वहिनींनी चालवलेलं. दार अरुंद, आत वार्निशचा वास, भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं, आणि कोपऱ्यात दुरुस्त होऊन मालकाची वाट बघणाऱ्या मोटरी. माणूस मोटर घेऊन आला की आधी त्याला बोलणी बसत. ओल्यात ठेवली, कमी व्होल्टेजवर पळवली, आवाज यायला लागल्यावरही बंद केली नाही. गिऱ्हाईक मान खाली घालून ऐके, कारण वहिनींच्या हातची मोटर पुन्हा जळत नसे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वडिलांनी शिकवताना एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसवली होती. मोटरच्या पोटात तांबं, लोखंड आणि कोरडी हवा. चौथं काही दिसलं की समजायचं, कोणीतरी हलगर्जीपणा केला आहे. वहिनींनी आयुष्यभर हेच केलं. दुसऱ्यांच्या मोटरींतलं चौथं काहीतरी खरवडून काढलं. चिखल, गंज, उंदराची लेंडी आणि सगळ्यात जास्त म्हणजे तेल. कुठल्यातरी सीलमधून झिरपलेलं, धुळीत कालवलेलं, तारांना चिकटून काळं झालेलं तेल. त्याच्या नुसत्या वासाने त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

नवराही असाच एका मोटरीबरोबर त्यांच्याकडे आला होता. तो पाणीपुरवठा खात्यात पाणबुड्या. तलावात पडलेली खात्याची मोटर त्याने स्वतः बुडी मारून वर काढली होती, आणि मोठा पराक्रम केल्यासारखा ती खांद्यावर टाकून दुकानात आला होता. पाणी निथळू न देता तशीच आणली म्हणून वहिनींनी त्याला असं काही झापलं की बाहेरची माणसं थबकली. दुसऱ्या दिवशी तो मोटर न्यायला नव्हे, चहा घेऊन आला. एवढी बोलणी खाऊनही जो परत येतो तो टिकेल, असं वहिनींना वाटलं. तो टिकला.

टिकला नाही तो त्याचा उजवा कान. सर्दी झालेली असताना तो बुडी मारायला गेला. नको जाऊ म्हणून घरातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. खाली गेल्यावर कानाचा पडदा फाटला, आणि तो बरा झाला तेव्हा त्या बाजूने निम्मंच ऐकू येऊ लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा खोल गेलात तर आहे तेही जाईल. नवऱ्याने मान डोलावली आणि विचारलं, "मग पुढच्या महिन्यात जाऊ का?"

पुढच्या महिन्यात तलावाची पाहणी होती. तलावाच्या तळाशी एक मोठी लोखंडी जाळी, तिच्यामागे दार, आणि दारातून गावाला जाणारं पाणी. दर वर्षी कोणीतरी खाली जाऊन ती जाळी आणि ते दार बघून यायचं. तो कोणीतरी म्हणजे हाच. खात्याचे साहेब भले गृहस्थ होते. ते म्हणाले, कॅमेरा लावलेली छोटी पाणबुडी खाली पाठवता आली तर याला बुडी मारायची गरज नाही, काठावर बसून ती चालवू दे. पण तशी तयार पाणबुडी मागवायची तर वर्ष जाईल.

"मी बनवते," वहिनी म्हणाल्या.

सासूबाई कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी एक घडी अर्धवट सोडून सुनेकडे पाहिलं. "अगं, पंखे दुरुस्त करणं वेगळं."

"पंखाच आहे तो. फक्त पाण्यातला."

हे वाक्य नंतर वहिनींना फार महागात पडलं. सासूबाईंनी ते जपून ठेवलं आणि प्रत्येक गळतीनंतर काढून दाखवलं.

सांगाडा सोपा होता, प्लास्टिकच्या पाइपांचा. कॅमेऱ्याचा डबाही सोपा होता, कारण डब्याला नुसतं झाकण असतं. झाकणाखाली रबरी कडं बसवलं, बोल्ट आवळले, की झालं. त्या डब्याने कधीच त्रास दिला नाही. पण मोटरचं तसं नव्हतं. पंखा बाहेर पाण्यात, त्याला फिरवणारी मोटर आत, आणि दोघांना जोडणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, भिंतीतून आरपार. म्हणजे भिंतीला भोक आलं, आणि त्या भोकात गरगर फिरणारी वस्तू आली. शाफ्टभोवती सील बसवतात, त्याचा पातळ रबरी ओठ शाफ्टला चहूबाजूंनी टेकलेला असतो. बादलीत हा ओठ आपलं काम इमानदारीने करतो. पण दर दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेएवढा वाढतो, आणि तलाव तर तीस मीटर खोल. तिथलं पाणी त्या ओठाला असं रेटतं जसं गर्दीत दाराशी उभ्या माणसाला मागचे रेटतात. मोटरच्या आत मात्र दुकानातलीच साधी हवा, रेटा परतवायला कोणी नाही.

वहिनींनी परीक्षेसाठी जाड लोखंडी नळकांडं बनवून घेतलं. त्यात पाणी भरायचं, मोटर सोडायची, झाकण आवळायचं आणि टायरमध्ये हवा भरायच्या हातपंपाने तलावाच्या तळाइतका दाब द्यायचा. पहिल्याच वेळी मोटर आतून कोरडी निघाली. त्या दिवशी वहिनी चक्क हसल्या आणि एका गिऱ्हाइकाला न झापता मोटर दिली. दुसऱ्या दिवशी तलावात सोडली, तर आत पाणी. पुन्हा सील बदलला, पुन्हा नळकांड्यात कोरडी, पुन्हा तलावात ओली. वहिनींचा जीव मेटाकुटीला आला. पाण्यात काही फरक आहे का म्हणून त्यांनी तलावाचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं आणि नळकांड्यात तेच भरलं. मोटर कोरडी. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली असेल," आणि वहिनींनी दात-ओठ खाल्ले.

मग एका दुपारी भाकरीचा तुकडा तोंडात असतानाच त्या जेवता जेवता उठल्या. नळकांड्यात मोटर नुसती पडलेली असायची. तिला वीजच नव्हती. तलावात ती फिरत होती. त्यांनी नळकांड्याच्या झाकणातून तार आत घेतली, त्यासाठी दोन दिवस घालवले, आणि दाबाखाली मोटर फिरवून पाहिली. ती उघडली तेव्हा तेच चमचाभर पाणी आलं.

"फिरली की गळते," त्या म्हणाल्या. "उभी असली की शहाणी असते."

रोग कळला, पण औषध सापडेना. सील घट्ट केला तर पाणी थांबे, पण खालच्या दाबाने ओठ शाफ्टला इतका चिकटे की मोटर गुरगुरायची आणि फिरायचीच नाही, नुसती तापायची. सैल केला तर मजेत फिरायची आणि पोटभर पाणी प्यायची. वहिनींनी रबर बदलून पाहिलं, ओठामागची स्प्रिंग बदलून पाहिली, दोन सीलांच्या मध्ये ग्रीस कोंबलं, तीन सील लावले. तीन लावल्यावर तर शाफ्ट हाताने फिरेना. शाफ्ट घासून देणाऱ्या शेजारच्या लेथवाल्याने वहिनींना येताना पाहिलं की तो आधीच म्हणे, "वहिनी, याच्यापेक्षा जास्त गुळगुळीत नाही होत."

नवरा हे सगळं स्टुलावर बसून बघत असे. एकदा तो म्हणाला, "एक सांगू? आत तेल भर."

वहिनींचा हात थांबला. "काय भरू?"

"तेल. गच्च. आत हवाच नको. हवा दबते म्हणून बाहेरचं आत घुसतं. तेल दबत नाही. वर एक मऊ पिशवी लाव, म्हणजे बाहेर पाणी जेवढं दाबेल तेवढंच आतलं तेल दाबेल. मग ओठाला कोण कशाला ढकलेल?"

"मोटरमध्ये तेल," वहिनी सावकाश म्हणाल्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "मी जन्मभर लोकांच्या मोटरींतलं तेल रॉकेलने धुऊन काढलं, आणि आता माझ्या हाताने मोटरमध्ये तेल ओतू? आणि तारा? तारांवरचं वार्निश? दुकानावरची पाटीच काढून टाका त्यापेक्षा."

"अगं, ट्रान्सफॉर्मर नाही का तेलात असतो?"

"ट्रान्सफॉर्मर फिरतो का?"

खरं तर ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा डबा वहिनींच्याच टेबलाखाली होता, आणि तेलात तार खराब होत नाही हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याला स्वतःच्या टेबलाखालचंही दिसत नाही. वहिनींनी चौथ्या प्रकारचं रबर मागवलं.

तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. पाहणी आणखी पुढे ढकलता येणार नाही. वहिनींनी त्यातल्या त्यात बऱ्या वागलेल्या मोटरी बसवल्या, एक जरा घट्ट, दोन जरा सैल, आणि सकाळी सगळे तलावावर गेले. पाणबुडी काठावरून सोडली. पडद्यावर हिरवट पाणी दिसायला लागलं, मग गाळ, मग लांबवर जाळीच्या सळ्या. साहेब म्हणाले, "वा, वहिनी."

जाळीजवळ गेल्यावर घट्ट मोटर थांबली. सैलपैकी एक पाणी पिऊन गेली. उरलेली एकटी मोटर पाणबुडीला एकाच जागी गोल गोल फिरवू लागली, आणि त्या फिरण्यात केबल जाळीच्या सळ्यांत गुंतली. मग पडदा काळा झाला. वर ओढली तर केबल ताणली गेली, पण आली नाही.

साहेबांचा चेहरा उतरला. जाळीत केबल आणि सांगाडा अडकलेला असताना दार उघडणं धोक्याचं, आणि दार बंद ठेवायचं तर संध्याकाळपर्यंत गावाच्या टाक्या कोरड्या. दुसऱ्या ठिकाणाहून पाणबुड्या बोलवायचा तर आठवडा. वहिनी साहेबांशी तावातावाने बोलू लागल्या. दुसरी मोटर लावून आणते, तासाभरात आणते, हुक खाली सोडू, केबल तोडून टाकू, काहीही करू. बोलता बोलता त्यांनी मागे वळून पाहिलं, तर नवऱ्याच्या चपला काठावर होत्या आणि तो पाण्यात कमरेपर्यंत उतरला होता, पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काच.

त्याने सगळं सामान खात्याच्या गाडीत घालून आणलं होतं. बायकोच्या मोटरींवर त्याचा किती भरवसा होता ते वहिनींना तिथल्या तिथे कळलं.

"अहो, वर या. आधी वर या म्हणते मी."

"सर्दी नाहीये आज," तो म्हणाला, आणि गेला.

पाणी त्याच्यावर लगेच मिटलं. वहिनी काठावर उभ्या राहिल्या आणि त्यांना राग आला. नवऱ्याचा आला, साहेबांचा आला, सील विकणाऱ्याचा आला. जो खाली जाऊ नये म्हणून हा सगळा आटापिटा, तोच त्यांच्या पाणबुडीला सोडवायला खाली गेला होता. राग तिथे संपेना, आणि तो फिरून फिरून त्यांच्याच पायाशी येऊन बसायला लागला.

तो वर आला तेव्हा एका हातात पाणबुडी होती. दुसरा हात कानावर. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं, आणि तो वहिनींकडे बघून हसत होता.

डॉक्टरांनी उजव्या कानाची आशा सोडायला सांगितली. डावाही अर्धा गेला होता. घरी दोन्ही कानांत कापूस घालून तो पलंगावर बसला, आणि वहिनींनी पाटीवर खडूने लिहून विचारलं, असं कसं झालं, नाक दाबून फुंकर मारली नाही का. त्याला वाटलं आपण हळू बोलतोय, पण तो ओरडत होता.

"मारली गं. पण आधी फाटलेला तो कान आतून सुजला होता. आत हवा पोचेना. बाहेरचा दाब वाढतोय, आतला तेवढाच. पडदा बिचारा किती वेळ एकटा झुंजणार? थोडं थांबून वर यायला हवं होतं, पण जाळी दिसत होती समोर."

सासूबाई दारात उभ्या होत्या. पंख्याचं ते वाक्य त्यांनी काढलं नाही. वहिनींना ते काढलं असतं तर बरं वाटलं असतं. पडदा एकटा किती वेळ झुंजणार, हेच तर त्याने स्टुलावर बसून सांगितलं होतं, फक्त तेव्हा विषय मोटरचा होता. तेव्हा तेल भरलं असतं तर आज हा माणूस ओरडून बोलत नसता. चूक आपली आहे, हे वहिनींना लख्ख कळलं, आणि ज्यांना आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय असते त्यांना असं काही कळलं की काय करावं ते सुचत नाही. त्या उठल्या आणि दुकानात गेल्या.

टेबलाखालचा डबा त्यांनी बाहेर काढला. मोटर सुकवली, तारा तपासल्या, एकच साधा सील बसवला, फार घट्ट नाही. झाकणाला एक नळी जोडून तिच्या टोकाला तेलाने न फुगणाऱ्या पातळ रबराची बोटभर पिशवी बांधली. मग तेल ओतायला घेतलं. पहिली धार तारांवर पडली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. तेल भरणंही सरळ नव्हतं. कुठेतरी हवेचा बुडबुडा दडून बसे, मोटर तिरकी करावी, टिचक्या माराव्यात, शाफ्ट हळूहळू फिरवावा, की तो मग वर येई. शेवटचा बुडबुडा येईपर्यंत वहिनींनी त्या बुडबुड्यांना जे काही ऐकवलं ते लेथवाल्यानेही त्याच्या दुकानात ऐकलं. मोटर तेलात जरा जड फिरत होती, पण फिरत होती. नळकांड्यात दाबाखाली त्यांनी ती दिवसभर पळवली.

पुढच्या पाहणीला पाणबुडी पुन्हा तलावात उतरली. साहेब पडद्यासमोर बसले होते, पंप चालवणारा माणूस त्यांच्या खांद्यावरून डोकावत होता. नवरा काठाशी बैठक मारून हातातून केबल सोडत होता, हलकेच, जशी ती मागेल तशी. जाळी दिसली, जाळीची प्रत्येक सळी दिसली, दाराच्या बिजागऱ्यांवरचा गंज दिसला. पाणबुडी वर आली तेव्हा वहिनींनी तिथेच एक मोटर सोडवली आणि झाकण सैल केलं. तेल आलं, पाणी मिसळलं असतं तर दुधाळ झालं असतं. हे डब्यातल्यासारखंच स्वच्छ होतं. साहेब म्हणाले, दाराची दुसरी बाजूही बघून घेऊ. वहिनींनी तेल पुन्हा गच्च भरून मोटर बसवली, आणि पाणबुडी पुन्हा खाली गेली.

वहिनी नवऱ्याजवळ जाऊन बसल्या. माफी मागण्याचा त्यांना सराव नव्हता. त्यांनी पदराला हात पुसले, परत पुसले, आणि पाण्याकडे बघत एकदाचं म्हणून टाकलं, "तेलाचं तुम्ही सांगितलं होतं. मी तेव्हाच ऐकायला हवं होतं. तुमचा कान माझ्या हट्टापायी गेला."

तो केबल सोडत राहिला.

वहिनींचं डोकं तापलं. इतकं सगळं जिवावर येऊन म्हणावं आणि या माणसाने हूं का चूं करू नये. मग त्यांच्या लक्षात आलं, आपण उजव्या बाजूला बसलो आहोत. त्या उठल्या, वळसा घालून डाव्या बाजूला आल्या आणि तेच पुन्हा म्हणाल्या. त्याने मान वळवली, त्यांच्या ओठांकडे पाहिलं.

"काय? मोठ्याने बोल."

"माझं चुकलं," वहिनी ओरडल्या. आवाज तलावावर पसरला. साहेबांनी पडद्यावरून नजर काढली, पंप चालवणारा वळला. "तुम्ही सांगितलं होतं तेलाचं. मी ऐकलं नाही. माझ्यामुळे तुमचा कान गेला."

"हां," तो म्हणाला. "मग ओरडतेस कशाला?"

वहिनींनी तोंडावर पदर धरला आणि त्या रडायला लागल्या. तेही त्याला ऐकू येत नव्हतं. केबल मागेल तशी तो सोडत होता.